शिदोरी

रात्री पावणेदोनला उर्वेनं नवा कर्नल चढवला,
सगळं हिरवं दिसलं म्हणून मशीन पुन्हा सुरू केलं
आणि कॉफीसाठी पाणी ठेवलं.
पाणी उकळायच्या आत पडदा काळा,
त्यावर पांढऱ्या अक्षरांची घाई,
आणि शेवटची ओळ:
घाबरलो आहे. मूळ सापडत नाही.

यंत्र बोलतं ते असं सरळ.
माणूस असता तर आधी
थंडीबद्दल बोलला असता.

थंडी तर आहेच. हेल्टरमाच्या धक्क्यावर फेब्रुवारी,
खिडकीखाली बर्फाचे तुकडे एकमेकांना घासतात,
कोणी जात्यावर भरड काढावी तसे.
साडेपाचची पहिली फेरी.
दुधाचा टँकर, डायलिसिसला निघालेल्या दोघी,
आणि एक मुलगा, त्याची सायकल अर्ध्या तिकिटात;
सगळ्यांची नावं या एका पेटीत.
पेटी उठली नाही तर फाटक उठत नाही.

तिनं बंद केलं, चालू केलं. तेच.
पुन्हा. तेच.
तिसऱ्यांदा काही वेगळं होणार नाही, ठाऊक होतं,
पण कुलूप दिसत असलं तरी
आपण कडी हलवून बघतोच.

मग काल्योला फोन. निवृत्त होऊन चार वर्षं झालेली,
पण या वेळी तो जागा असतो,
बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघालेला.
"सुरू होताना शिफ्ट दाबून धर," तो म्हणाला,
"यादी येईल. खालचं निवड."
"खालचं म्हणजे जुनं?"
"जुनंच. नव्याला अजून घरचा रस्ता माहीत नाही."

खालचं निवडलं.
ओळी धावू लागल्या: डिस्क सापडली, जाळं सापडलं,
घड्याळ जुळलं,
आणि दिवा लागला. तीनला सात कमी होते.

आता कारण.
बूटची जागा शंभर टक्के भरलेली.
नवा कर्नल आला, पण त्याची शिदोरी,
म्हणजे ती छोटीशी पुरचुंडी
जिच्यात मूळ शोधायच्या किल्ल्या असतात,
ती अर्धीच बांधली गेली.
यंत्रानं सांगितलंही होतं,
दोनशे ओळींमधल्या एका ओळीत.
उर्वे तेव्हा डबा उघडून कॉफी मोजत होती.

आणि जागा कुणी खाल्ली?
अकरा जुने कर्नल, ओळीनं,
एकही कधी काढलेला नाही.
"अकरा, काल्यो?"
फोनमध्ये बर्फावरच्या गिरमिटाचा आवाज थांबला.
"वाटायचं, कधीतरी एखादा लागेल."
जरा थांबून म्हणाला, "लागला की."

तिला हसू आलं, रागही आला,
दोन्ही तिनं गिळलं आणि पुसायला बसली.
एक, दोन, पाच, सात.
आठव्याच्या तारखेवर बोट थांबलं:
चौदा नोव्हेंबर, पहाटे तीन एक्कावन्न.
त्या रात्री वादळामुळे बोट सुटली नव्हती,
हे बेटावर सगळ्यांना आठवतं.
त्याची माइमू पलीकडे, तालिनच्या इस्पितळात होती,
हेही.
तो इथं बसून सर्व्हर अद्ययावत करत होता, रात्रभर,
हे मात्र फक्त या फाइलीला माहीत.

तिनं काही विचारलं नाही.
फाइल पुसली नाही, दुसऱ्या डिस्कवर हलवली,
नाव तेच ठेवून.

दोन राहू दिले. नव्याची शिदोरी पुन्हा बांधली,
नीट, शेवटच्या गाठीपर्यंत,
या खेपेला प्रत्येक ओळ वाचत.
मग रीस्टार्ट,
आणि हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून ती उभी राहिली.
उठलं.

"झालं," ती म्हणाली.
फोन कधीचाच बंद झाला होता,
बहुतेक गळाला काही लागलं असावं.

पाच एकतीसला फाटक वर गेलं.
टँकरवाला काच खाली करून म्हणाला,
"एक मिनिट उशीर. काय झालं होतं?"
"जागा नव्हती," उर्वे म्हणाली.
त्यानं मागे वळून
अर्धं रिकामं डेक पाहिलं
आणि गाडी आत घातली.